हाताने बसवलेले

९ जानेवारी

नव्या नोकरीतल्या ठसेवाल्या बाईंनी सांगितलं म्हणून ही वही सुरू केली. "काका, मायक्रोस्कोपवर बसणाऱ्याने रोज डोळ्यांची नोंद ठेवायची," त्या म्हणाल्या. "पाणी येतं का, दोन-दोन दिसतं का, कपाळ दुखतं का. एक ओळ पुरे." मी एका ओळीत आटोपणारा माणूस नाही हे त्यांना अजून माहीत नाही.

वही हिच्या शिवणकामाची आहे. पुढच्या पानांवर लोकांच्या छाती-कंबरेची मापं, मागच्या बाजूने मी. ही म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांच्या पोटात तुमचे विचार शिरू देऊ नका म्हणजे झालं."

बावीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. लोकांनी घड्याळं आणायची सोडली तेव्हा गाळा बंद केला आणि आठ महिने हिच्या शिलाई मशीनला तेल घालत घरात बसलो. त्या मशीनला इतकं तेल कधीच लागलं नसेल. मग भिंगरीचा निरोप आला. आम्ही गावच्या शाळेत एका बाकावर होतो. तो एका जागी बसत नसे म्हणून गुरुजींनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं, आणि माझं काटकोन, कारण पाटीवरची रेघ जराशी वाकडी आली तरी मी पुसून पुन्हा मारायचो. आता तो कंपनीचा मालक आहे. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणतो. तो मला काटकोनच म्हणतो, कोणीही समोर असो.

डोळे: ठीक.

१० जानेवारी

काम समजून घेतलं. इथे पडदे बनतात, टपालाच्या तिकिटाएवढे. ते चष्म्यात बसवायचे. घालणाऱ्याला समोरचा रस्ताही दिसतो आणि त्यावर अक्षरं, आकडे, नकाशेही. एका पडद्यात दोन लाख तीस हजार दिवे आहेत. एकेका दिव्याला इथे दाणा म्हणतात. केसाच्या जाडीत असे पाच दाणे शेजारी-शेजारी बसतील. घरी सांगितलं तर ही माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "उदाहरण तरी स्वतःजवळ असेल ते द्यावं."

दाणे एका चकतीवर तयार होऊन येतात. बाईंचं मशीन मऊ रबरी ठशाने एका वेळी हजारो दाणे उचलतं आणि पडद्यावर ठेवतं. हजारातले नऊशे नव्याण्णव नीट बसतात. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण उरलेल्या एकाने दर पडद्यात दोनशे-सव्वादोनशे काळी भोकं राहतात. ती भोकं मी भरायची. सुईच्या टोकाला चिकट थेंब, दोन चाव्या फिरवून सुई सरकवायची, श्वास धरायचा, दाणा ठेवायचा, श्वास सोडायचा. घड्याळातही असंच करत होतो. श्वास सोडताना देवाचं नाव घ्यायची सवय तिथलीच.

"मशीन सुधारेपर्यंतच हं काका," बाई म्हणाल्या. "ठसा एकदा नीट झाला की तुम्हाला काम उरणार नाही."

"मग तो बिघडलेला राहो अशी प्रार्थना करतो," मी म्हटलं. त्या हसल्या. पस्तिशीच्या आहेत, दिवसभर मशीनशी भांडतात आणि जेवायला बसल्यावर मशीनचीच तक्रार करतात, सासूची करावी तशी.

१६ जानेवारी

आज एकसष्ट. पहिल्या दिवशी नऊ झाले होते.

एक गोष्ट डोळ्यांत खुपते. मशीनने ठेवलेले सगळे दाणे उजवीकडे किंचित कललेले आहेत, अगदी एकासारखे एक, वारा लागलेल्या पिकासारखे. बाईंना विचारलं. चालता-चालता ठसा तापतो आणि ताणला जातो, त्यामुळे तसं होतं म्हणाल्या. दिवा पेटायला त्याने काही अडत नाही. त्यांची चिंता भोकांची आहे, कलण्याची नाही.

अडत नसेल. पण मी माझे दाणे सरळच ठेवतो. तिरपं ठेवून मला घास गिळवत नाही. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे काय त्यात.

डोळे: संध्याकाळी थोडं पाणी. बाईंनी थेंबांची बाटली दिली आणि माझी खुर्ची बदलली. स्वतःची उंच पाठीची मला दिली, माझी मोडकी त्यांनी घेतली. नको म्हटलं तर म्हणाल्या, "मी कुठे बसते, काका."

३ फेब्रुवारी

भिंगरी स्वतः माझ्या टेबलाशी आला आणि स्टूल ओढून बसला. तो बसला म्हणजे काम मोठं असणार.

चष्मे बनवणारी एक मोठी कंपनी एप्रिलमध्ये पडदे तपासायला येणार आहे. त्यांना पाच पडदे दाखवायचे, एकही भोक नसलेले. पसंत पडले तर इथल्या सगळ्यांचं कल्याण, नाही तर कुलूप. "हे पाच तू कर," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची माझी छाती नाही."

मग रजिस्टर पुढे घेतलं. त्यात दर पडद्यासमोर दोन रकाने आहेत: मशीनने बसवलेले, हाताने बसवलेले. दुसऱ्यात मी रोज आकडा भरतो. त्याने त्यावर बोट ठेवलं. "या पाचांपुरता हा रिकामा सोड."

"का?"

"अरे काटकोन, पाहुण्याला ताट दाखवतात, चूल दाखवतात का? आणि हा रकाना आहे दुरुस्तीचा. तू करतोस ती दुरुस्ती आहे होय? ती कला आहे. कलेचा रकाना छापलेलाच नाही."

मला बरं वाटलं हे खोटं कशाला लिहू. पन्नाशीला आलेल्या माणसाला कोणी असं बोललेलं नव्हतं. रकाना रिकामा ठेवणं म्हणजे काही खोटं लिहिणं नव्हे. मी काहीच लिहिलेलं नाही.

तरी आकडा कुठेतरी असावा म्हणून इथे लिहितो. आज चोपन्न.

१९ फेब्रुवारी

पहिले दोन पडदे झाले. पहिल्यात दोनशे एकतीस माझे, दुसऱ्यात दोनशे आठ. झालेला पडदा भिंगरी स्वतः येऊन नेतो आणि आपल्या कपाटात ठेवतो. बाईंनी बघायला मागितला तर म्हणाला, धूळ लागेल.

घरी ही एका कोटाची किनार हाताने घालत होती. मी म्हटलं, मशीनवर मार, लवकर होईल. म्हणाली, "मशीनच्या कपड्यावर हाताचा टाका घातला की ओळखू येतो, आणि हाताच्या कपड्यावर मशीनचा. गिऱ्हाईक आंधळं असलं तरी बोट फिरवून सांगेल."

"मग चांगला कोणता?"

"चांगल्याचं विचारलंत होय? मी ओळखू येण्याचं बोलतेय."

तिला माझ्या कामातलं काय कळतं म्हणून मी विषय वाढवला नाही.

डोळे: ठीक. मान धरली आहे.

६ मार्च

पाचवा पूर्ण. पाच मिळून एक हजार एकशे पाच. प्रत्येकाला एकदा नाव घेतलं आहे. इतकं नाव सबंध वर्षात माझ्या तोंडून जात नसेल. कामच पूजा झालं म्हणतात ते हेच असावं.

९ मार्च

आज बैठक होती. मला पहिल्यांदा आत बोलावलं, दाराजवळच्या खुर्चीत.

भिंगरीने पाचही पडदे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवले. पांढरेशुभ्र, कुठे ठिपकाभर काळं नाही. सगळे टाळ्या वाजवायला लागले. बाई वाजवत नव्हत्या. म्हणाल्या, "हे माझ्या मशीनचं काम नाही. माझं मशीन आजही पडद्याला दोनशेच्या वर दाणे चुकवतं. रोजचा हिशेब माझ्याकडे आहे."

भिंगरीने रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर सरकवलं. "हाताने बसवलेले, काही नाही. वाचा. तुमचं मशीन चालतंय बाई, तुम्हालाच भरवसा नाही. आता यंत्राच्या दाखल्यावर सही करा."

त्या नाही म्हणाल्या. मग उठून सरळ माझ्याकडे आल्या. हातभर अंतरावर उभ्या राहिल्या.

"काका, या पाचांना तुम्ही हात लावलाय का?"

मी भिंगरीकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "साहेबांना विचारा."

त्यांनी रजिस्टरकडे एकदा बघितलं. मग "बरं" म्हणाल्या.

मी खोटं बोललो नाही. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मालकाची गोष्ट मालकाला विचारावी, एवढंच म्हणालो. गुरुजीही म्हणायचे, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.

१० मार्च

झोप लागली नाही. पाच पडदे भरायचे नव्हते, एक शब्द बोलायचा होता, हो. तोही एका अक्षराचा.

१३ मार्च

बाईंना काढलं. कारण असं लिहिलं की चालत्या यंत्राला नादुरुस्त म्हणून त्या कंपनीची वाट अडवत होत्या. त्यांनी टेबल आवरलं. एक डबा, एक रुमाल, ठशाचे फेकलेले चार नमुने. मी उठून उभा राहिलो. खुर्ची त्यांचीच होती, म्हणून ती परत न्या म्हणालो.

"राहू दे काका, तुमची पाठ आहे," त्या म्हणाल्या. आणि दारातून, "नोंद ठेवताय ना डोळ्यांची?"

ठेवतोय म्हटलं.

घरी हिला सांगितलं. ती पीठ मळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तुम्ही इतकं चांगलं काम केलंत की तिची नोकरी गेली."

"तसं नाही."

"मग कसं?"

तिने कणकेवर पाणी शिंपडलं आणि परात घेऊन माझ्याकडे पाठ केली.

१८ मार्च

मला मुख्य तपासनीस केलं. दारावर पाटी लावली. पाटी डाव्या बाजूने जरा खाली आहे. मी सरळ केली नाही.

११ एप्रिल

आज तपासणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

चष्म्याच्या कंपनीकडून एक म्हातारा आला. बारीक, खांद्यावर जुनी पिशवी, तिच्यात स्वतःचं भिंग. आमच्या मोठ्या पडद्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मायक्रोस्कोपला डोळा लावला तो तासभर काढला नाही. भिंगरीने चहा तीनदा मागवला, तीनदा निवला.

मग म्हाताऱ्याने डोकं वर केलं. "हे दाणे कोणी बसवले?"

"मशीनने."

"सगळे?"

"सगळे," भिंगरी म्हणाला.

"मशीन तापतं, थकतं, ताणलं जातं, सगळं मान्य. पण ते मध्येच शहाणं होत नाही. हे बघा. आजूबाजूचे सगळे उजवीकडे झुकलेले आणि मधला हा एकटा ताठ. इथे. इथे. हा इथे. मी दीडशे मोजले आणि सोडून दिलं. हा माणसाचा हात आहे." मग थांबून म्हणाला, "आणि चांगला हात आहे."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले, आधी आनंदाने. किती निर्लज्ज असतं मन. पकडला गेलो हे कळायच्या आधी कौतुक कळलं.

भिंगरी हळूच वळला. "काटकोन? हे तू केलंस?"

आवाज इतका खरा होता की क्षणभर मलाच वाटलं, त्याला माहीत नसावं.

"शाळेपासूनची खोड आहे याची," तो म्हाताऱ्याला सांगू लागला. "वाकडं दिसलं की याला राहवत नाही. आमचे गुरुजीसुद्धा कंटाळले होते. माणूस देवभोळा आहे, मनात पाप नाही. पण मला न विचारता..." आणि त्याने मान हलवली.

म्हाताऱ्याने मला विचारलं, "तुम्ही कोणालाही न विचारता केलंत? पाच पडदे?"

मी म्हटलं, "हो."

बाईंनी विचारलं तेव्हा जो शब्द तोंडातून निघाला नव्हता तो आज निघाला. फक्त चुकीच्या प्रश्नाला.

म्हातारा भिंग पुसत राहिला. म्हणाला, "महिन्याने पुन्हा येऊ. एक पडदा दाखवा, सगळा मशीनचा. ताठ दाणा एकही नको."

१२ एप्रिल

भिंगरीने मला आपल्या खोलीत बसवलं आणि स्वतः पाणी आणून दिलं. "तू मला वाचवलंस. ही गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही."

मी म्हटलं, "बाईंना परत बोलव. ठसा त्याच नीट करतील."

"महिन्यात? त्यांनी दोन वर्षांत केला नाही." मग तो पुढे झुकला. लहानपणी बोरं चोरायला जाताना झुकायचा तसा. "मला सांग, म्हाताऱ्याने कशावरून ओळखलं? भोकं भरली म्हणून? नाही. तू सरळ भरलीस म्हणून. या वेळी मशीन ठेवतं तशी भर. तेवढीच तिरपी. कोण ओळखणार?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सोपं आहे रे. चांगलं करायचं नाहीये, वाईट करायचंय. तेही इतकुसंच."

मी विचार करून सांगतो म्हटलं. तो म्हणाला, कर की. आणि दार माझ्यासाठी उघडं धरलं. मालक असून.

१३ एप्रिल

हिला विचारलं, काय करू. म्हणाली, "मला विचारून मार्चमध्ये गप्प बसला होतात का?"

नंतर जेवताना म्हणाली, "नाही म्हणा. माझं मशीन आहे. दोन घास कमी-जास्त होतील, मरणार नाही आपण."

"त्याची कंपनी बंद पडेल. माणसं आहेत तिथे."

"ती बाई माणूस नव्हती का?"

मी ताटावरून उठलो. देवापुढे बसलो. देवाला काय विचारायचं हेच ठरेना. उत्तर येईल याचीच भीती वाटत असावी.

१५ एप्रिल

आज सुरुवात केली. का केली ते लिहिता येत नाही. नाही म्हणायला त्याच्या खोलीपर्यंत गेलो होतो. तो फोनवर होता, मला बघून हसला, हाताने थांब म्हणाला. मी उभा राहिलो, आणि किती वेळ उभं राहायचं हे न कळून टेबलाकडे परतलो. टेबलावर सुई होती.

दिवसात फक्त अकरा झाले. हात ऐकत नाही. दाणा खाली ठेवताना आपोआप सरळ होतो, मग उचलून पुन्हा. मायक्रोस्कोपमध्ये कोनाच्या रेघा असतात. मशीनचे दाणे मोजले, दीड अंशाने उजवीकडे. पाटीवर कोन काढायला गुरुजींनी शिकवलं ते या कामाला आलं.

ठेवताना नाव घेतलं नाही. त्याच्या नावावर हे कशाला.

२४ एप्रिल

आज अठ्ठावन्न. हात शिकला. दीड अंश आता न मोजता येतो. शेजारी मशीनचा दाणा आणि माझा दाणा ठेवला तर मीही सांगू शकणार नाही कोणता कोणाचा.

डोळे: ठीक. काही होत नाही डोळ्यांना. होईल असं वाटलं होतं.

२७ एप्रिल

आज काम करता-करता लक्षात आलं की मी नाव घेतो आहे. कधीपासून ते कळलं नाही. बहुधा सकाळपासून. सवयीला काय, सरळ आणि तिरपं सारखंच.

२ मे

शेवटचा दाणा उरला होता. अगदी कोपऱ्यातला, पहिल्या रांगेतला पहिला. तो मी सरळ ठेवला. काटकोनात, गुरुजी बघत असल्यासारखा. रेघांवर तीनदा तपासला आणि मग नाव घेतलं.

म्हातारा आला की सगळ्यात आधी कोपराच बघेल. भिंग घेऊन कोपऱ्यापासून सुरू करतात, मीही तसंच करतो. एक ताठ दाणा दिसला की तो माझ्याकडे वळेल आणि विचारेल. या वेळी विचारलं की सगळं सांगायचं. बाईंचंही. शब्द न शब्द मनात जुळवून ठेवला आहे.

फार दिवसांनी हलकं वाटतंय. हिला सांगितलं नाही. ती म्हणेल, एवढुसं.

१२ मे

म्हातारा आला नाही. त्याचे गुडघे दुखतात म्हणे. एक तरुण आला, पिशवीऐवजी कॉम्प्युटर घेऊन. त्यांच्या चष्म्याची जाहिरात आधीच लागली आहे आणि त्यांना पडदे लवकर हवे आहेत, हे भिंगरी कालपासून सगळ्यांना सांगत होता.

तरुणाने मशीन दहा मिनिटं चालताना बघितलं. मग पडदा कॅमेऱ्याखाली ठेवला. डोळा लावलाच नाही. कॉम्प्युटर दोन लाख तीस हजार दाणे स्वतः मोजत होता आणि तो तोवर फोनवर कोणाशी तरी जेवणाचं ठरवत होता.

मी भिंतीला टेकून उभा होतो. शब्द तोंडात तयार होते.

आवाज झाला. तरुण वाचू लागला. "भोक एकही नाही. कल दीड अंश, सगळीकडे सारखा. मशीन पक्कं आहे तुमचं." मग जरा थांबला. "एक दोष दाखवतोय. पहिली रांग, पहिला दाणा. वाकडा बसलाय."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं.

"वाकडा?" मी विचारलं. माझाच आवाज होता.

"बाकीच्यांच्या मानाने. दीड अंशाचा फरक आहे." त्याने बोटाने एक कळ दाबली. "दोन लाखांत एखादा असा निघायचाच. इतका चालतो."

आणि पास केलं.

मी बोलू शकलो असतो. त्याने विचारलं नव्हतं, एवढंच. तो कॉम्प्युटर मिटत होता, भिंगरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, आणि मी वाट बघत राहिलो की कोणीतरी विचारेल.

१५ मे

बाईंना फोन केला. त्या आता एका छापखान्यात मशीनची देखभाल करतात. मागे घरघर ऐकू येत होती.

"काका? डोळे कसे आहेत?"

ठीक आहेत म्हटलं. मग सगळं सांगितलं. पाच पडद्यांचं, तिरप्या दाण्यांचं, आणि शेवटी त्या एका दाण्याचं. तो मी मुद्दाम सरळ ठेवला होता, हे दोनदा सांगितलं.

मग म्हणाल्या, "पहिल्या रांगेतला पहिला?"

"हो."

"केसाच्या पाचव्या भागाएवढा."

"हो."

"काका, मार्चमध्ये मी तुम्हाला विचारलं तेव्हा केवढी होते? दिसत नव्हते का?"

मागची घरघर थांबली, कोणीतरी त्यांना हाक मारली.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "थेंब घालत जा."

२२ मे

आज गुरुवार. काही घडलं नाही.

२५ जून

मागणी मोठी आली आहे. ठसा तसाच आहे. भिंगरीने नवा विभाग काढला, अंतिम सफाई. सहा टेबलं, सहा मायक्रोस्कोप. रजिस्टर नवीन छापून आलं. त्यात एकच रकाना आहे.

विभाग माझ्याकडे दिला. सहाजणी आल्या आहेत, सगळ्या हाताच्या पक्क्या. एक पैठण्यांना रफू करणारी, दोघी दागिने जडवणाऱ्या, एक भरतकामवाली माझ्याच वयाची. सगळ्यांनी मिळून मला हाक मारायला एक नाव ठरवलं. गुरुजी म्हणतात.

भरतकामवालीने दुपारी पहिला दाणा बसवला. श्वास सोडला आणि तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "गुरुजी, बघता का? बरोबर बसलाय ना?"

मी डोळा लावला. सगळीकडे झुकलेले दाणे आणि मधोमध तिचा एक, ताठ. रेघेवर रेघ. पहिल्याच प्रयत्नात. सरळ हात तिरपा करायला मला नऊ दिवस लागले होते.

मी पुष्कळ वेळ बघत राहिलो असेन, कारण तिने पुन्हा विचारलं, "चुकलं का?"

"हात चांगला आहे तुमचा," मी म्हटलं. "फक्त थोडा तिरपा करा."

डोळे: ठीक.